पंधरा ते पन्नास वर्षे : दिल्लीत जुनी वेगवान मोटार जतन करताना

ग्रेटर नोएडा येथील होंडा कंपनीच्या कारखान्यातून १९९७ च्या अखेरीस भारतीय बनावटीची पहिली ‘सिटी’ मोटार बाहेर पडली. पुढे तेवीस वर्षे तेथे मोटारी तयार होत राहिल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. पहिल्या पिढीतील त्या गाड्यांपैकी काही आजही उत्तम स्थितीत आहेत. मात्र ज्या गावात त्या बनल्या, त्याच गावाच्या रस्त्यावर त्यांना धावण्याची मुभा नाही. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल मोटारींना आणि दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींना रस्त्यावर आणण्यास मनाई करण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही वाहनांना या कारवाईपासून संरक्षण दिले, पण या गाड्या त्यात बसत नाहीत.

जुनी गाडी शोधणे, ती सुट्या भागांपर्यंत उलगडणे, पुन्हा जुळवणे आणि जमल्यास तिची ताकद थोडी वाढवणे हा छंद राजधानीत अनेकांना आहे. या छंदाची सध्याची अडचण पैशांपेक्षा वर्षांच्या हिशेबात अधिक आहे. तो हिशेब समजून घेण्यासाठी आधी या गाड्यांची ओळख करून घ्यावी लागेल.

कोणत्या गाड्या?

दिल्लीत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासून भरत आली आहे. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, बेंटली आणि तत्सम गाड्या पाहण्यासाठी तेथे गर्दी होते. मात्र आज तिशी-चाळिशीत असलेल्या नोकरदार हौशी मंडळींचे मन त्या गाड्यांत फारसे नसते. महाविद्यालयात असताना ज्या गाडीकडे त्यांनी मान वळवून पाहिले, तीच त्यांना हवी असते, आणि ती बहुधा १९९० ते २०१० या दोन दशकांतील असते.

सन २००० च्या सुमारास आलेली ‘सिटी’ची व्हीटेक आवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण. दीड लिटरच्या इंजिनातून सुमारे १०६ अश्वशक्ती मिळत असे. इंजिनाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की झडपा अधिक उघडणारी यंत्रणा तिच्यात होती, त्यामुळे वरच्या वेगात गाडीचा स्वभावच पालटत असे. २००३ मध्ये नवी ‘सिटी’ आली तेव्हा कंपनीने इंधन बचतीला प्राधान्य दिले आणि दीड लिटरच्याच इंजिनाची ताकद ७७ अश्वशक्तीच्या आसपास आली. जुन्या व्हीटेकला आज जे मोल आहे, त्याचे मूळ या घटनेत आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना दोन नावे अधिक जवळची वाटतील. फियाटची ‘पॅलिओ’ २००१ मध्ये आली, ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. सचिन तेंडुलकर तिचा प्रचारदूत होता आणि त्याच्या नावाने ‘एस१०’ ही मर्यादित संख्येची आवृत्तीही काढण्यात आली होती. तिच्या १.६ लिटरच्या इंजिनाची पेट्रोलची भूक दांडगी होती, त्यामुळे सर्वसामान्य ग्राहक दूर राहिला. हौशी मंडळी मात्र त्याच इंजिनासाठी तिच्या शोधात असतात. दुसरी गाडी स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया आरएस’. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होत असे. २००४ मध्ये आलेल्या आरएसमध्ये १.८ लिटरचे टर्बो इंजिन होते आणि त्याची ताकद १५० अश्वशक्ती होती. त्या काळी भारतात एवढ्या ताकदीची कौटुंबिक मोटार क्वचितच दिसे.

याखेरीज हिंदुस्तान मोटर्सची ‘कॉन्टेसा’, प्रीमियरची ‘११८ एनई’ आणि गुडगावची मारुती ‘जिप्सी’ यांचेही चाहते आहेत.

पुनर्बांधणी म्हणजे काय?

जुन्या गाडीला रंग दिला म्हणजे ती नवी झाली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात रंग हे शेवटचे काम आहे. आधी गाडीचे आतील सामान, काचा, दारे, इंजिन, गिअरपेटी व चाके उतरवली जातात. मग पत्रा तपासला जातो. दाराखालची पट्टी, तळाचा पत्रा आणि मागच्या चाकांच्या कमानी येथे गंज प्रथम धरतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हे खरे काम. त्यावर लांबी भरून गुळगुळीत करणे ही फसवणूक. विकत घेण्यापूर्वी लहानसे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. लांबीचा थर जाड असेल तेथे ते चिकटत नाही.

या बाबतीत दिल्लीची हवा एका अर्थाने उपकारक आहे. मुंबई, कोकण वा गोव्यात समुद्राच्या खारट हवेमुळे गाडीचा तळ जितक्या लवकर सडतो, तितका तो दिल्लीत सडत नाही. म्हणून मुंबईची ‘पॅलिओ’ घेणाऱ्याने ती खालून आधी पाहावी. उलट, दिल्लीचा उन्हाळा रबर व प्लास्टिकचा शत्रू आहे. डॅशबोर्डला भेगा जातात, दिव्यांच्या काचा पिवळ्या पडतात, इंजिन तोलणारे रबरी आधार कडक होतात आणि सारी गाडी थरथरू लागते. अनेकदा मालकाला इंजिन खराब झाल्याची शंका येते आणि दोष या आधारांचा असतो.

इंजिनात टायमिंग बेल्टकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. जुन्या ‘सिटी’च्या इंजिनात हा पट्टा तुटला तर उघड्या झडपांवर पिस्टन आदळतात आणि काही क्षणांत इंजिन निकामी होते. गाडी किती किलोमीटर धावली याखेरीज पट्ट्याचे वय किती, हेही विचारायला हवे. दहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा पट्टा न वापरताही म्हातारा झालेला असतो.

सुट्या भागांसाठी दिल्लीइतके सोयीचे शहर दुसरे नसेल. कश्मीरी गेट येथे मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, करोल बागेत सजावटीचे व जोडसामान मिळते आणि पश्चिम दिल्लीतील मायापुरीत भंगारातील गाड्यांचे भाग विकले जातात. मायापुरीचे नाव देशाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातून लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातील किरणोत्सारी कोबाल्ट तेथे फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. भंगाराचा असंघटित व्यवहार किती धोक्याचा असू शकतो, हे त्या घटनेने दाखवले. त्यानंतर शास्त्रशुद्ध भंगार केंद्रांचे धोरण आले; नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नोएडात अशा एका केंद्राचे उद्घाटन झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र गाडी संघटित केंद्रात तोडली जाऊ लागली की बंद पडलेल्या मॉडेलची दारे, दिवे, गिअरपेट्या पूर्वीसारख्या गल्लीच्या बाजारात येत नाहीत, ही हौशी मंडळींची दुखरी नस आहे.

जतन वेगळे, बदल वेगळा

छंदाची दुसरी बाजू म्हणजे गाडीत सुधारणा करणे. हौशी मंडळींच्या तोंडी त्यासाठी ‘मॉडिफिकेशन’ हाच शब्द असतो. रुंद टायर, कडक स्प्रिंग, मोकळा सायलेन्सर, हवेचा वेगळा फिल्टर आणि इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची नवी मांडणी, असे त्याचे सर्वसाधारण प्रकार. टर्बो असलेल्या ‘ऑक्टाव्हिया’त केवळ संगणकाची मांडणी बदलूनही ताकदीत जाणवण्याजोगी वाढ होते. विनाटर्बो ‘सिटी’त मात्र खर्च पुष्कळ आणि लाभ थोडा. हे माहीत असूनही माणसे तो खर्च करतात, यात छंदाचे सारे रहस्य आले.

कायद्याला हे बदल मान्य नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यास वाट ठेवलेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गाडीचा रंगही प्रमाणपत्रात नोंदलेला असतो. त्यामुळे पांढरी गाडी लाल केली तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घेणे आवश्यक ठरते.

झिजलेला भाग काढून त्याच प्रकारचा दुसरा बसवणे, पत्रा बदलणे, इंजिन खोलून दुरुस्त करणे या गोष्टी कलम ५२ च्या आड येत नाहीत. म्हणजे जतनाला हरकत नाही, बदलाला आहे. ही रेषा वाटते तितकी अन्याय्य नाही. मोकळा सायलेन्सर बसवताना काही जण धुरातील विषारी वायू निवळणारे उत्प्रेरक उपकरण काढून टाकतात. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून ते बंधनकारक झाले होते. आवाज भरदार व्हावा आणि चार-दोन अश्वशक्ती वाढावी म्हणून ते काढणाऱ्याला दिल्लीच्या हवेविषयी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. या मुद्द्यावर हौशी मंडळींची बाजू लंगडी पडते, आणि प्रामाणिकपणे जतन करणाऱ्यांनाही त्याचा फटका बसतो.

वयाचा नियम कसा आला?

राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर येण्यास मनाई केली. एप्रिल २०१५ मध्ये डिझेल वाहनांची मर्यादा दहा वर्षांवर आणण्यात आली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निर्देशांना दुजोरा दिला. अंमलबजावणी अनेक वर्षे ढिली होती, नंतर गाड्या उचलून थेट भंगारात पाठवण्याचे प्रकार घडू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, गाडी खासगी जागेत ठेवण्याची किंवा राजधानी क्षेत्राबाहेर नेण्याची हमी देणाऱ्या मालकांना त्यांची वाहने परत करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली सरकारने मार्गदर्शक सूचना जारी केल्या.

२०२५ मध्ये घटना वेगाने घडल्या. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने अशा वाहनांना १ जुलैपासून पंपावर इंधन न देण्याचा आदेश काढला. पंपांवर क्रमांक टिपणारे कॅमेरे बसवण्यात आले, जनतेचा विरोध झाला आणि काही दिवसांतच आदेश पुढे ढकलण्यात आला. १२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. हौशी मंडळींना वाटलेला दिलासा चार महिने टिकला. १७ डिसेंबर रोजी न्यायालयाने आपल्या आदेशात बदल केला आणि हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले.

राजधानी क्षेत्रात बीएस-४ मानक एप्रिल २०१० पासून लागू झाले. त्याआधी २००५ पासून बीएस-३ आणि एप्रिल २००० पासून त्याहून जुने मानक होते. म्हणजे वर ज्या गाड्यांची नावे घेतली, त्या जवळजवळ सर्व संरक्षणाच्या रेषेच्या अलीकडे राहिल्या.

या रेषेमागे तर्क आहे. बीएस-२ पेट्रोल मोटारीला प्रति किलोमीटर २.२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडण्याची परवानगी होती, बीएस-४ मध्ये ती १ ग्रॅम झाली. हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा ०.५ ग्रॅम होती. बीएस-४ मधील दोन स्वतंत्र मर्यादांची बेरीज ०.१८ ग्रॅम होते. जुनी गाडी निष्णात कारागिराने पुन्हा बांधली तरी ती फार तर स्वतःच्या काळच्या मानकापर्यंत पोहोचते. प्रश्न आहे तो वापराचा. रोज साठ किलोमीटर धावणारी आणि महिन्यातून एका रविवारी पहाटे बाहेर निघणारी अशा दोन गाड्यांत सध्याचा नियम फरक करत नाही.

पन्नाशीनंतरची सवलत

असा फरक करण्याची कल्पना कायद्याला अगदीच अपरिचित नाही. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ मोटारींसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यासाठी पात्र ठरते. सांगाडा, बाह्य पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ही गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ती बाहेर काढता येते.

आता हिशेब करून पाहता येईल. मद्रासला १९६१ पासून तयार झालेली, त्या काळची ऐटदार ‘स्टँडर्ड हेराल्ड’ पन्नाशी ओलांडून गेली आहे. १९८४ मधील पहिली ‘कॉन्टेसा’ २०३४ मध्ये पन्नास वर्षांची होईल. २००० मध्ये नोंदलेली ‘सिटी’ २०१५ मध्ये पंधरा वर्षांची झाली आणि पन्नाशीला पोहोचेल २०५० मध्ये. मधली पस्तीस वर्षे राजधानी क्षेत्रात ती ना धड मोटार, ना धड वारसा.

इतर देशांनी ही दरी लहान ठेवली आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांच्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. जर्मनीत तीस वर्षांनंतर क्रमांकपट्टीवर ‘एच’ अक्षर मिळू शकते आणि अशा गाड्यांना शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत प्रवेश असतो. गाडी मूळ स्वरूपात हवी, ही अट तेथेही आहे. पण तिच्या काळात प्रचलित असलेले बदल ग्राह्य धरले जातात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांची मर्यादा आहे आणि लंडनच्या कमी प्रदूषण क्षेत्राचे शुल्कही अशा ऐतिहासिक गाड्यांना माफ आहे. जपानने मात्र उलट दिशा धरली असून तेथे तेरा वर्षांनंतर पेट्रोल मोटारीवरील कर वाढतो.

इथेनॉलची नवी अडचण

सारे कागद व्यवस्थित असले तरी टाकीत काय भरायचे, हा प्रश्न उरतोच. देशात २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र पोहोचले. जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही त्या वर्षी मान्य केले. एक किलो शुद्ध पेट्रोल जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. त्यामुळे कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाडीत मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि थंडीत ते सुरू होण्यास कुरकुर करते. अशा गाडीत मोठ्या छिद्राचा जेट बसवणे हा उपाय आहे. ‘सिटी’सारख्या इंधन फवारणीच्या गाड्या काही प्रमाणात स्वतःच जुळवून घेतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, हा अधिक मोठा धोका आहे. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते आणि गंज आतून सुरू होतो.

मालकापुढील वाटा

महाराष्ट्रात किंवा राजधानी क्षेत्राबाहेर अन्यत्र राहणाऱ्यांची स्थिती तुलनेने सोपी आहे. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते. मोटारीसाठी शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले. वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार करण्यात आले. विदेशातून आणलेल्या चारचाकीला ऐंशी हजार रुपये मोजावे लागतात.

दिल्लीतील मालकाला ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी राजधानी क्षेत्राबाहेर नोंदवता येते. पूर्वी त्यासाठी मुदत संपल्यापासून एक वर्षाची अट होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली सरकारने ती शिथिल केली. राजधानी क्षेत्र म्हणजे केवळ दिल्ली नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. गुडगाव, फरिदाबाद, गाझियाबाद यांच्याबरोबरच हरियाणातील कर्नाल आणि राजस्थानातील अलवर हे जिल्हेही त्यात मोडतात. गाडी अन्य राज्यात नोंदवून पुन्हा दिल्लीत चालवणे हा मार्ग नाही, कारण नियम वाहनाच्या वयाला लागू आहे, क्रमांकपट्टीला नाही.

दुसरी वाट गाडी घरी ठेवण्याची. २०२४ च्या सूचनांनुसार ती स्वतःच्या खासगी जागेत ठेवता येते. सामायिक वाहनतळ, मग तो निवासी संकुलाच्या आवारात का असेना, खासगी जागेत मोडत नाही. सार्वजनिक जागी सापडलेल्या चारचाकीला दहा हजार रुपये दंड आहे. सदनिकेत राहणाऱ्या बहुसंख्य दिल्लीकरांसाठी ही अट सर्वांत जाचक ठरते. बंगल्याचे आवार असलेल्याचा छंद टिकतो, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचा टिकत नाही.

जागा मिळाली तर गाडी नीट निजवावी लागते. बॅटरीची तार सोडवावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवावी किंवा गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, हातब्रेक ओढून ठेवू नये, सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा म्हणजे उंदीर शिरत नाहीत. जुने इंजिन तेल काढून नवे भरावे. दर आठवड्याला दोन मिनिटे इंजिन सुरू करण्याची अनेकांची सवय असते. तिचा उपयोग नाही, उलट अपायच होतो. इंजिन पुरते तापत नाही आणि आत तयार झालेले पाणी तेलात व सायलेन्सरमध्ये साचून राहते.